विहीणबाईंसाठी सीताफळाचा रोल

आधीच सांगून ठेवते, मले केक आवडत नाही. तोंडात टाकला का विरून जाते, खाल्लं का नाही खाल्लं काही समजत नाही. दाताखाली काहीतरी लागलं पाहिजे का नाही माणसाच्या? तरी आमच्या गावच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा-नाटकाच्या दिवशी, घरात पाहुण्यांचा बजार भरला असताना, मी सुलोचना, धानाचे भारे बांधणारी बाई, अंगणात फतकल मारून केक करत बसली होती. कोणासाठी? तर विहिणीसाठी. जिनं दोन वर्षांत माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही, तिच्यासाठी.

गुंजन माझी एकुलती एक पोरगी. गोंदियाचा हिमांशू तिनं आपल्या मनानं पसंत केला. पोरगा खरंच चांगला आहे, त्याच्या तोंडावर नाही म्हणणार मी, पण आहे. कापडाचं दुकान, घरात सगळे हिंदी बोलणारे, कांदा-लसणाचाही वास न घेणारे लोक. आणि आम्ही धानवाले. आमच्याकडे पाहुणा आला का घरधनी पहिले कोंबड्याकडे पाहते. लग्नात विहीणबाई आल्या, मांडवात खुर्चीवर बसल्या, आपल्या पिशवीतलं पाणी प्याल्या आणि गेल्या. आमच्या उंबऱ्याले त्यांचा पाय काही लागला नाही.

त्याचंही मले काही नव्हतं. नाही येत तर नको येऊ बापा! पण गुंजन सकाळी येते आणि दिवस बुडायच्या आत जाते. तिथं जेवायचं नाही, रात राहायचं नाही, असा सासूचा हुकूम. माझ्या हातचा वरण-भात खाऊन मोठी झालेली पोरगी माझ्याच घरी पाहुण्यावाणी बसते, चहाचा कप हातात घेऊन घड्याळाकडे पाहते. लोकं म्हणतात पोरगी दिली का परकी झाली. मी म्हणते, परकी तर परकी, परक्यालेबी माणूस जेवाले वाढते का नाही?

तर मंडईच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"आई, उद्या मम्मी येऊन राहिल्या."

"कोणती मम्मी?"

"अवो, माझी सासू! हिमांशूनं कसंबसं तयार केलं. म्हणतात, एकबार देख तो लूं कैसा घर है."

माझ्या हातातला झाडू तिथंच राहिला. मी विचारलं, "मग आता मी का करू?"

"तिले काहीतरी खाऊ घाल. एक घास. तिनं तुझ्या घरी एक घास जरी खाल्ला ना आई, तर मग ती मले कोणत्या तोंडानं म्हणन का तिथं राहू नको? यंदा मले मंडईले राहायचं आहे. नाटक पाहायचं आहे. तुझ्याजवळ झोपायचं आहे." एवढं बोलून पोरीनं नाक पुसलं, मले ऐकू आलं. आमच्या घरात रडणं फोनवर करत नाही कोणी.

मी म्हटलं, "बरं, काय खाते ते सांग. पुरणपोळी करू? बासुंदी?"

"काहीच नाही खात वो बाहेर. फक्त एक गोष्ट. केकचा रोल. गुंडाळलेला, आत मलाई आणि फळ. गोंदियात एक बिनाअंड्याची बेकरी आहे, तिथला दिसला का ती थांबतच नाही."

"मग येताना तिथलाच आणजो."

"विकतचा खाल्ला तर तो बेकरीवाल्याचा झाला. तुझा कुठं झाला?"

पोरगी शहाणी आहे, माझ्यावर गेली.

तिनं मग फोनवर सगळं सांगितलं. मैदा, दही, साखर, दूध, तेल, खायचा सोडा. पातळ थर द्यायचा, बोटभर पण नाही. आणि मोठी गोष्ट म्हणजे गरम असतानाच कपड्यासंगत गुंडाळून ठेवायचा, थंड झाला का हळूच उलगडायचा, मलाई लावायची, पुन्हा गुंडाळायचा. थंड झाल्यावर पहिल्यांदा वळवाले गेलं का तुटतेच. शेवटी म्हणाली, "आणि आई, अंडं नको हं. एकबी नको. त्यांच्यासाठी ते मटनच आहे."

"तू मले शिकवतेस का? समजते मले," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता पहिलं भांडण घरधन्याशी. मंडईले आमच्याकडे मटन शिजते, हे सूर्य पूर्वेले उगवते इतकं ठरलेलं आहे. पाहुणे देवरीपासून येतात ते काय भजन ऐकाले येतात का? मी गुंजनच्या बापाले सांगितलं का यंदा आपल्या घरी मटन नाही. मनिराम नावाचा तो माणूस खाटेवर उठूनच बसला.

"पाहुणे का म्हणतील?"

"पाहुणे बकाराम भाऊजीच्या घरी जेवतील. पोरगी आपली आहे, पाहुण्यांची नाही."

बकाराम माझा धाकटा दीर. एकाच अंगणात आमची दोन घरं, मधात गोठा. त्याची बायको शामकला माझी जाऊ, पण जाऊ म्हणण्यापेक्षा शेपूटच म्हणा. मी जिथं, ती तिथं. मन असं का कोण काय मागून राहिलं ते विचारायच्या आधी देऊन टाकणारी. अक्कल मात्र देवानं द्यायची राहून गेली, असं मी तिले रोज म्हणते आणि ती रोज हासते. तिनं लगेच सांगून टाकलं, "बाई, तुझे पाहुणे माझे. मटन आम्ही गोठ्यामागच्या चुलीवर करतो. तू तुझा केक कर."

गोठ्यामागची चूल म्हणजे आमची बाहेरची चूल. आमच्याकडे घरातल्या चुलीवर कोंबडं-बकरं चढत नाही, अंडंसुद्धा घरात येत नाही. घरात देव आहे. जे काय असेल ते बाहेर, बाहेरच्या गंजा-पातेल्यात, बाहेरच्या पळीनं. खाऊन हात धुतले, चूळ भरली का माणूस घरात याले मोकळा. माझ्या सासूनं घालून दिलेली ही रीत, आम्ही दोघी जावा ती तंतोतंत पाळतो.

मी केकसाठी त्या चुलीकडे पाहिलंपण नाही. अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तीन विटा मांडल्या, शेणानं सारवून घेतलं. गुंजनच्या बापानं तेलाचा रिकामा पिपा कापून चपटा पत्रा केला, चारी कडा वर ठोकल्या. हातोडीचा आवाज ऐकून शेजारचा मंगरू विचारून गेला, "का गा मनिराम, धानाच्या कोठीले पत्रा ठोकून राहिला का?" यांनी छाती फुगवून सांगितलं, "केक करून राहिलो." मंगरू असा हासला का मले त्याच्यावर निखारा फेकावा वाटला.

मंडईच्या सकाळी लवकर चूल पेटवली. खाली निखारे, वर तव्यात निखारे, मधात पत्रा. झाली आपली गावठी भट्टी. दही फेटलं, साखर विरघळवली, मैदा चाळून घातला, शेवटी सोडा. फेस आला तसा पत्र्यावर ओतला आणि देवाचं नाव घेतलं. काही वेळानं वास आला. वास चांगला होता हो! गल्लीतली दोन कुत्री येऊन बसली.

उतरवला. सोन्यासारखा रंग. मी खुशीत गुंजनच्या बापाले दाखवाले गेली, देवरीच्या पाहुण्याले पाणी दिलं, कोणाची तरी पोर पडली तिले उचललं, परत येऊन पाहते तर पत्र्यावरचा थर गार. तरी म्हटलं होईल. वळवला. कडक रोटीवाणी मधातून तुटला. दोन तुकडे माझ्या दोन हातात.

"बाई, गुंजननं सांगितलं होतं न गरम असताना," शामकला म्हणाली.

"मले माहीत आहे!" मी ओरडली. माहीत होतं म्हणूनच राग आला.

तुकडे पोरांनी नेले. दुसरा घातला. या वेळी मी कोणाले पाणी दिलं नाही, कोणी मेलं असतं तरी उठली नसती. मनिरामचा नवा पांढरा दुपट्टा, कोरा, त्यानं मंडईत मिरवाले ठेवलेला, तो अंथरला, त्यावर साखर भुरभुरली, गरम थर त्यावर उलटा पाडला आणि बोटं भाजत गुंडाळला. गुंडाळला तर गेला. माझ्या जिवात जीव आला. थंड होईपर्यंत मलाईकडे वळली.

मलाई म्हशीच्या दुधाची, चार दिवसांची साठवलेली. सुखराम गोळेवाला मंडईत आपली गाडी लावून राहिला होता, त्याच्याकडून बर्फ आणला, त्यात गंज ठेवून रवीनं घुसळली. जास्त घुसळली का लोणी, कमी घुसळली का पातळ. हात थांबला नाही पाहिजे आणि डोळा हलला नाही पाहिजे. सीताफळं गुंजनच्या बापानं जंगलातून आणली होती, पाडाची, फुटाले आलेली. बिया काढायचं काम त्याच्याकडे दिलं. एक बी वाटीत, एक फोड तोंडात.

"अवो, खाऊन राहिले का काढून राहिले?"

"पाहून राहिलो, गोड आहे का. विहिणीले आंबट निघालं तर?"

या माणसासंगत माझे बत्तीस वर्षं गेले, समजलं का तुम्हाले.

मलाई जमली. सीताफळ मिसळलं. चाखून पाहिलं तर मीच अजून एक चमचा घेतला, एवढं चांगलं झालं होतं. मग दुपट्टा उलगडला. आणि तो मेला केक, वरून साजरा, आतून प्रत्येक वेढ्याले फाटलेला. वाळलेल्या तळ्याच्या मातीवाणी. मलाई लावली तशी ती भेगांमधून बाहेर आली.

मी तिथंच बसली. उन्हं चढून राहिली होती. मंडपातून लाऊडस्पीकरवर कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. हिमांशूचा फोन आला का आम्ही निघालो, कोहमाऱ्याले पोहोचतोच. आणि मले रडू आलं. केकसाठी रडणारी मी पहिलीच बाई असन आमच्या गावात. पण केकसाठी कुठं रडत होती मी. मले दिसत होतं, विहीणबाई येतील, खुर्चीवर बसतील, आपलं पाणी पितील, उठतील. आणि गुंजन त्यांच्यामागं गाडीत बसन. पुढच्या मंडईलेही, त्याच्या पुढच्याही.

शामकला माझ्याजवळ येऊन बसली. "बाई, तू अंग धू, साडी बदल. पाहुणे आले तर अशीच बसशील का, तोंडाले मैदा लावून? मी एक घालून पाहते."

"तुले काय येते?"

"तू केलं तसंच करते. मी पाहत होती न सकाळपासून."

मी उठली. दुसरा काही उपाय नव्हता.

न्हाऊन, साडी बदलून बाहेर आली तर पत्र्यावरचा थर उतरला होता. पिवळाधमक. मी बोटानं दाबला, बोट उचललं तसा तो परत वर आला. दोघींनी मिळून दुपट्ट्यावर उलटा पाडला, गुंडाळला, सुपानं वारा घातला. उलगडला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

"पाह्य न बाई!"

एक भेग नाही. एकपण नाही! गादी गुंडाळावी तसा गुंडाळला गेला, उलगडला तसा उलगडला. मी शामकलाले धरून तिच्या गालाचा मुका घेतला, पाहुण्यांसमोर. मलाई लावली, पुन्हा गुंडाळला, बर्फावर ठेवला. मले एकदाही वाटलं नाही का विचारावं, याच पिठाचा हा असा कसा झाला. माणसाले जे पाहिजे ते मिळालं का तो प्रश्न विचारत नाही.

विहीणबाई आल्या. अंगानं बारीक, पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात कपड्याची पिशवी. लग्नात घाईत पाहिलं तेव्हापासून मी समजत होती का मोठी घमंडी बाई आहे. पण त्यांचे डोळे घाबरलेल्या माणसावाणी इकडे-तिकडे पाहत होते. गोठ्याकडे पाहिलं, जिथून बकाराम भाऊजीच्या मटनाचा वास येत होता, आणि नाकाले पदर लावला. मी मनातल्या मनात दिराले चार शिव्या दिल्या.

ओसरीत बसवलं. खुर्ची दिली. पाणी पुढं केलं. "नहीं नहीं, है मेरे पास," म्हणून त्यांनी पिशवीतली बाटली काढली. हिमांशू जमिनीकडे पाहाले लागला. गुंजन दारात उभी, हाताची बोटं मोडत. गुंजनचा बाप उगाच म्हणाला, "यंदा धान चांगला आहे जी." विहीणबाई म्हणाल्या, "अच्छा."

मी अंगणात चुलीजवळ आली. रोल ताटात ठेवला, सुरी गरम पाण्यात बुडवून काप केले. काय सांगू तुम्हाले, कापावर मलाईचा वेढा असा साफ दिसत होता, मधात सीताफळाचे कण. गुंजन आली, तिनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "आई! तू केलं?" आणि ताटली उचलून पळालीच ओसरीत.

ओसरीतून विहीणबाईंचा आवाज आला, "अरे, ये तो रोल है! किसने बनाया?"

"माझ्या आईनं. घरी. बिनाअंड्याचा आहे, मम्मी."

मी पदरानं घाम पुसला. शामकला माझ्या बाजूले उभी होती, खुशीनं नुसती उड्या मारायची राहिली होती. ती माझ्या कानाजवळ आली आणि म्हणाली, "चार फोडले बाई."

"काय चार?"

"अंडे. माझ्या कोंबडीचे. त्याच्याशिवाय तो फाटतच होता. तू काळजी नको करू, मी घरात नाही आणले. गोठ्यातच फोडले, गोठ्यातच फेटले. तुझ्या चुलीचे निखारेपण नाही घेतले, माझे घेतले. काही बाट नाही झाली."

ऐकलं का? गोठ्यात फोडले म्हणून बाट नाही झाली! आणि ती खोटं नव्हती बोलत. आमच्या घरची रीत तिनं तंतोतंत पाळली होती. माझ्यासाठी, माझ्या रडण्यासाठी.

सांगते, त्या घडीले माझ्या मनात काय आलं. मनात आलं का चूप राहा. कोणाले समजणार आहे? एक घास त्या खातील, पोरगी राहील, रात्री माझ्याजवळ झोपन. शामकला सांगणार नाही, मी सांगणार नाही. देव? देवाले मी समजावलं असतं. एवढं सगळं मनात आलं आणि तेवढ्यात मी ओसरीत पोहोचलीपण होती. पाय आपोआप चालले. विहीणबाईंच्या हातात काप होता, तोंडाजवळ.

मी त्यांचा हात धरला. "खाऊ नका!"

ओरडलीच मी. मंडईच्या गर्दीत शिट्टी वाजावी तशी. मंगरू बाहेरून डोकावला.

"खाऊ नका विहीणबाई. अंडं आहे त्याच्यात. मले आता समजलं. आता, या घडीले."

गुंजनचा चेहरा पाहवला नाही मले. पांढरी झाली पोरगी. तिनं माझ्याकडे असं पाहिलं का आई, तू हे काय केलं. हिमांशू उठून उभा राहिला. गुंजनच्या बापानं कपाळाले हात लावला.

विहीणबाईंनी काप हळूच ताटलीत ठेवला. बोटं पुसली. "किसने डाला?"

"माझं घर, माझी चूल. मीच," मी म्हटलं. जावेले कोणाच्या समोर थोडी उभी करणार होती मी.

पण माझं शेपूट माझ्यामागं होतंच. शामकला समोर आली, दोन्ही हात जोडले, डोळ्यात पाणी. "बाईनं नाही जी, मी टाकले. बाईले माहीतच नव्हतं. अना मी घरात नाही आणले जी, शप्पथ! गोठ्यात फोडले!"

विहीणबाई तिच्याकडे वळल्या. "गोठे में फोड़ा," त्या म्हणाल्या, "तो अंडा अंडा नहीं रहा?"

शामकलानं खरोखर विचार केला. आणि म्हणाली, "आमच्यात नाही राहत जी."

पहिले हिमांशू हासला. त्यानं हासणं दाबलं तर नाकातून आवाज आला. मग विहीणबाईंचे ओठ हालले. मग पदर तोंडाले लावून ती बारीक बाई अशी हासली का खुर्ची हालाले लागली. गुंजन रडत-रडत हासाले लागली. मी मात्र हासली नाही. मले समजतच नव्हतं का आपलं घर बुडलं का तरलं.

हासणं संपलं तशा त्या उठल्या. मी म्हटलं, झालं, चालल्या. पण त्या दाराकडे नाही गेल्या, माझ्या सैंपाकघराच्या उंबऱ्याजवळ येऊन थांबल्या. "यहाँ नहीं आता ना अंडा?"

"नाही. देव आहे माझा इथं."

त्यांनी चपला काढल्या आणि आत आल्या. पाट ओढून भिंतीले टेकून बसल्या. म्हणाल्या, "सुबह से कुछ नहीं खाया, समधन. भूख लगी है. जो बनाओगी, मेरे सामने बनाओ."

"पाहा," मी म्हटलं, "डोळे फाडून पाहा." राग का आनंद, माझं मलेच समजत नव्हतं.

घरात काय होतं? मटन शिजवायचं नाही म्हणून भाजी केली होती, त्यात लसूण. तांदळाचं पीठ मात्र होतं, नव्या धानाचं. पीठ पाण्यात पातळ कालवलं, मीठ टाकलं, तवा ठेवला आणि आयते घालाले लागली. आमच्याकडे पाहुणा अचानक आला का आयतेच होतात, जाळीदार, मऊ. विहीणबाई पीठ पाहत होत्या, पाणी पाहत होत्या, माझे हात पाहत होत्या. पहिला आयता ताटात पडला. मी त्यावर गंजात वेगळी उरलेली सीताफळाची मलाई पसरवली. त्यात काही नव्हतं, गुंजनच्या बापाच्या तोंडातून वाचलेलं सीताफळ सोडलं तर. आणि गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी खाल्ला. सगळा. मग दुसरा मागितला.

दुसरा होईपर्यंत त्या बोलाले लागल्या, हिंदीतच, पण हळू, माझ्याशीच. म्हणे, त्या नवरी होऊन आल्या तेव्हा एका लग्नात कोणीतरी मस्करीत त्यांले भातात मटनाचा रस्सा मिसळून दिला होता. खाऊन झाल्यावर सांगितलं, आणि सगळे हासले. तेव्हापासून कोणाच्याच घरी तोंडात घास जात नाही. "गुंजन को भी इसीलिए रोकती थी. घमंड नहीं है, समधन. डर लगता है मुझे. लोग बताते नहीं."

मी तव्याकडे पाहत होती. दोन वर्षं मी या बाईले काय काय म्हटलं होतं मनात, त्यातलं एक तरी तिले लागू होतं का? शेवटी म्हटलं, "आमच्या घरी सगळे सांगतात. न विचारता सांगतात. शामकलाले तर थांबवता येत नाही."

"देखा मैंने," त्या म्हणाल्या. आणि माझ्या माठातलं पाणी मागितलं.

रोल बाहेर पाहुण्यांनी संपवला. दिराची पोरं, मंगरू, गोळेवाला सुखराम सगळे. गुंजनच्या बापानं तर चाटून ताट लख्ख केलं आणि वरून म्हणे, पहिला तुटला होता त्याले जास्त चव होती.

दिवस कलला. मंडपात नाटकवाल्यांनी परदे लावाले घेतले होते. हिमांशूनं गाडी फिरवून आणली. विहीणबाई निघाल्या, माझ्या हाताले हात लावला, शामकलाच्या डोक्यावर टपली मारली. गुंजन सवयीनं त्यांच्यामागं निघाली. गाडीचं दार उघडलं तिनं. माझे डोळे भरले, मी तोंड फिरवलं. मागितलं तरी कसं मागू, अंड्याचा केक खाऊ घालाले निघालेली बाई मी.

"तू कहाँ?" विहीणबाईंचा आवाज आला.

गुंजन थांबली.

"नाटक नहीं देखेगी? रुक जा. चार-छह दिन रह ले. हिमांशू लेने आएगा." आणि काचेतून डोकं बाहेर काढून, "और हाँ, यहाँ जो मिले वो खाना. पूछ के खाना. ये लोग बता देंगे."

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत आम्ही तिघी तिथंच उभ्या होतो, मी, शामकला आणि गुंजन. मी रडली नाही म्हणाले मले आवडलं असतं, पण रडली, चांगली हुंदके देऊन रडली. शामकला तर माझ्याहून जोरात.

गुंजन वळली, पायातल्या चपला अंगणात भिरकावल्या, पदर कमरेले खोचला आणि लहानपणी शाळेतून आल्यावर ओरडायची तशी ओरडली, "आई, भूक लागली वो! काय आहे?"

मी डोळे पुसले, आत जाऊन तवा पुन्हा चुलीवर ठेवला आणि तिच्यासाठी पीठ कालवाले घेतलं.